पुस्तकासाठी मुद्रितशोधक शोधताय? ठाणे-नवी मुंबईकडून मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी नौपाड्यात राहते, घरूनच मराठी संपादन आणि मुद्रितशोधनाचं काम करते. वाशी, नेरूळ, ऐरोली, कळवा, घोडबंदर अशा सगळीकडून फोन येतात आणि बहुतेक फोनची सुरुवात एकच असते, "ताई, पुस्तक तयार आहे, फक्त एकदा प्रूफ बघून द्या." मग बोलणं सुरू झालं की कळतं की त्यांना काय हवंय आणि पुस्तकाला काय हवंय यात बरंच अंतर आहे. तेच तेच प्रश्न असतात, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढलं. हे वाचून तुम्ही काम मला द्या की दुसऱ्या कुणाला, पण देताना नीट विचारून द्या.

प्रूफरीडिंग आणि कॉपी एडिटिंग एकच ना?

नाही, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

कॉपी एडिटिंग म्हणजे तुमचं हस्तलिखित, म्हणजे वर्डची फाईल, मांडणीला जायच्या आधी वाक्यावाक्याने वाचणं. वाक्य अडखळतंय का, एकच गोष्ट तीनदा आलीय का, पहिल्या प्रकरणात आत्या नागपूरची होती ती सातव्यात सोलापूरची कशी झाली, एकदा "शाळेमध्ये" आणि एकदा "शाळेमधे" कसं, सनावळी जुळतात का, हे सगळं त्यात येतं. प्रूफरीडिंग म्हणजेच मुद्रितशोधन हे मांडणी झाल्यावरचं काम. पान जसं छापलं जाणार तसं समोर असतं, त्यात राहिलेल्या चुका, सरकलेला रफार, गळलेली ओळ, अनुक्रमणिकेत ७३ आणि प्रत्यक्षात प्रकरण ७५व्या पानावर, असलं सगळं पकडायचं.

याच्याही आधीची एक पायरी असते. प्रकरणांचा क्रम बदलणं, शंभर पानं कमी करायला सांगणं, शेवट पटत नाही म्हणून लेखकाशी बसून बोलणं. त्याला आपल्याकडे नुसतं संपादन म्हणतात, किंवा संपादकीय संस्कार. हे वेगळं काम आहे, त्याचा वेळ वेगळा, पैसे वेगळे, आणि खरं सांगायचं तर माणूसही बऱ्याचदा वेगळा लागतो.

मग मला यातलं नक्की कोणतं लागेल?

एक सोपी गोष्ट करा. मधलं कुठलंही एक पान घ्या आणि घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा, तुम्ही नुसतं ऐका. वाचणारा मधेच थांबून मागे जातोय, "कोण म्हणालं हे?" असं विचारतोय, तर कॉपी एडिटिंग लागणार. सरळ वाचत गेला आणि फक्त एकदोन शब्दांवर अडला तर मुद्रितशोधनावर भागेल. आणि वाचून झाल्यावर "बरं, पण यात म्हणायचं काय आहे?" असं म्हणाला तर आधी संपादकाकडे जा, माझ्याकडे नंतर या.

मांडणी आधीच करून घेतली आहे, आता एडिटिंग करून द्याल का?

करता येतं, पण ते सगळ्यात महाग पडतं आणि मला स्वतःला ते काम घ्यायला जिवावर येतं. का ते सांगते. पुस्तक छापताना पानं फॉर्ममध्ये जातात, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जातात, साधारण सोळा पानांचा एक फॉर्म. तुमचं पुस्तक २०८ पानांचं झालं म्हणजे बरोबर तेरा फॉर्म. आता मांडणी झाल्यावर मी म्हटलं की पाचव्या प्रकरणात हे दोन परिच्छेद फोडायला हवेत आणि तिथे संदर्भ जोडायला हवा, की पुढची सगळी पानं सरकणार, अनुक्रमणिका बदलणार, फोटोच्या ओळी फोटोपासून तुटणार, २०८ची २११ झाली तर नवा फॉर्म उघडणार. मांडणी करणारा प्रत्येक फेरीचे पैसे मागणार आणि त्यात त्याचं काही चूक नाही. शिवाय तो दुरुस्त्या हाताने घालतो, म्हणजे एक दुरुस्ती करताना दुसरी चूक नवीन शिरते, ती बघायला परत प्रूफ.

म्हणून क्रम असा ठेवा: लिखाण पूर्ण, मग कॉपी एडिटिंग, मग तुम्ही स्वतः एकदा सगळं वाचून हो-नाही सांगणं, मग मांडणी, मग पहिलं प्रूफ, दुसरं प्रूफ, मग छपाई. पुस्तकाचं प्रकाशन ठरवून, गडकरी रंगायतनची किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहाची तारीख घेऊन, पाहुण्यांना फोन करून मग एडिटर शोधायला निघू नका, कळकळीने सांगते. तारीख ठरली की सगळ्यात आधी कात्री लागते ती दुसऱ्या प्रूफला.

पैसे किती लागतात? पानाला किती घेता?

पानाचा दर विचारू नका, शब्दाचा विचारा. एका काकांनी मला २४० पानांची फाईल पाठवली होती, सोळाच्या फॉन्टमध्ये, कारण त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. तीच फाईल अकराच्या फॉन्टला केली तर ११५च्या आसपास पानं झाली. पुस्तक तेच, शब्द तेच साठ हजार, पण पानाच्या हिशोबाने एकतर त्यांचं नुकसान नाहीतर माझं. शब्द मोजायला वर्डमध्ये खालच्या पट्टीत आकडाच दिसतो, वाद राहत नाही. आता हिशोबापुरतं धरा, शब्दाला पन्नास पैसे ठरले तर साठ हजार शब्दांचे तीस हजार, संपलं. मांडणी झालेल्या प्रूफला मात्र पानाचा दर चालतो, कारण तिथे पान पक्कं झालेलं असतं.

दर कशावर कमी-जास्त होतो तर मजकुरावर. आठवणी, ललित, कथा यांना एक, तळटीपा आणि संदर्भसूची असलेल्या वैचारिक पुस्तकाला जास्त, भाषांतराला त्याहून जास्त कारण मूळ शेजारी ठेवून बघावं लागतं. कविता शब्दावर धरूच नये, दर कवितेला किंवा एकरकमी ठरवावं. तीस शब्दांच्या कवितेत एका स्वल्पविरामावर अर्धा तास जाऊ शकतो.

ठरवताना तीन गोष्टी लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर चालेल पण लेखी: किती फेऱ्या दरात धरल्या आहेत, ॲडव्हान्स किती, आणि मधेच तुम्ही नवीन प्रकरण जोडलंत तर त्याचं काय. या तिसऱ्यावरून जेवढी भांडणं होतात तेवढी कशावरून होत नाहीत.

स्वस्तात करून देणारे पण आहेत की?

आहेत, आणि त्यातले काही चांगलेही आहेत, नवीन आहेत म्हणून कमी घेतात. पण साठ हजार शब्द दोन दिवसांत करून देतो म्हणणाऱ्याला एवढंच विचारा की तुम्ही ते वाचणार का. मी दिवसाला चार-पाच हजार शब्दांच्या वर कॉपी एडिट करत नाही, त्यापुढे डोळा ओळीवरून घसरायला लागतो आणि जिथे जे असायला हवं तेच दिसतं, जे छापलंय ते दिसत नाही.

म्हणजे माझ्या पुस्तकाला किती दिवस लागतील?

साठ हजार शब्द धरले तर पहिल्या वाचनाला पंधरा दिवस, मग फाईल तुमच्याकडे शंका सोडवायला, मग माझं दुसरं वाचन आठवडाभर. म्हणजे दीड महिना हातात ठेवा. उशीर बहुतेक वेळा तुमच्या बाजूच्या मधल्या टप्प्यात होतो, लेखक पानापानावरच्या माझ्या शंका बघून वैतागतो आणि फाईल बाजूला ठेवतो. रोज दहा पानं घेऊन बसलात तर पटकन होतं. दिवाळी अंकांचा हंगाम, म्हणजे जुलैअखेर ते ऑक्टोबर, यात कुणीही बरा मुद्रितशोधक मोकळा सापडणं अवघड, त्या दिवसांत काम द्यायचं असेल तर आधीच सांगून ठेवा.

चांगला माणूस शोधायचा कुठे?

ठाण्यात असाल तर माझा एक आवडता उपाय सांगते. मराठी ग्रंथ संग्रहालयात जा, १८९३ सालापासूनची संस्था आहे ती, आपल्या ठाण्याचं भाग्यच म्हणायचं. तुमच्या पुस्तकासारखी अलीकडची पाच-सहा पुस्तकं काढा, म्हणजे तुमचं प्रवासवर्णन असेल तर प्रवासवर्णनं, आणि सुरुवातीचं ते प्रकाशक, मुद्रक, मुखपृष्ठ वगैरे नावांचं पान उघडा. बऱ्याच पुस्तकांत "मुद्रितशोधन" म्हणून नाव दिलेलं असतं. मग पुस्तक मधेच कुठेतरी उघडून दहा पानं वाचा. स्वच्छ वाटली की ते नाव लिहून घ्या आणि प्रकाशकाला फोन करून विचारा. जाहिरात बघून माणूस शोधण्यापेक्षा हे कितीतरी खात्रीचं, कारण काम समोर छापलेलं आहे.

नमुना म्हणून काही पानं फुकट करून मागितली तर चालतं का?

नमुना जरूर मागा पण त्याचे पैसे द्या, पाच पानांचे असे किती होणार आहेत. आणि पहिलं प्रकरण देऊ नका. पहिलं प्रकरण प्रत्येक लेखकाने वीस वेळा घासलेलं असतं, त्यात काही सापडत नाही. मधली पानं द्या, जी तुम्ही स्वतः कंटाळत लिहिलीत ती.

नमुना परत आल्यावर किती लाल झालंय हे मोजू नका. समासात काय विचारलंय ते बघा. समजा तुम्ही ठाण्याच्या आठवणी लिहिल्यात आणि एका ठिकाणी लिहिलंय की पहिली रेल्वे बोरीबंदरहून ठाण्याला १८५४ साली आली. एक जण ते तसंच सोडेल. दुसरा गुपचूप १८५३ करेल. तिसरा समासात लिहील, "१६ एप्रिल १८५३ हवं ना? आणि पुढच्या परिच्छेदात आजोबांच्या जन्माचा हिशोब याच सालावरून केलाय, तोही एक वर्षाने बदलेल, बघून सांगा." हा तिसरा माणूस पकडा, सोडू नका. बरोबर करणं दुसऱ्यालाही जमलं, पण एका जागची चूक सुधारल्यावर दुसरीकडे काय हलतं ते तिसऱ्याने बघितलं, आणि निर्णय तुमच्याकडे ठेवला.

तुम्ही कोणते शुद्धलेखनाचे नियम पाळता?

मराठी साहित्य महामंडळाचे, शासनाने मान्य केलेले. १९६२ साली चौदा नियम आले आणि १९७२ साली त्यात चार वाढले, असे अठरा. आज शाळेची पुस्तकं, वर्तमानपत्रं, बहुतेक प्रकाशक यावरच चालतात. त्याआधी शिकलेली मंडळी "नांव", "कांहीं", "कवि" असं लिहायची आणि ऐंशीच्या पुढचे काही लेखक अजून तसंच लिहितात. त्यांना मी कधी चूक म्हणत नाही, ते त्यांच्या शाळेत बरोबरच होतं, फक्त आजच्या वाचकासाठी छापताना बदलू का एवढं विचारते. जुनी डायरी किंवा पत्रं छापत असाल तर मात्र तसंच ठेवायचं.

लोक सगळ्यात जास्त अडखळतात ते ऱ्हस्व-दीर्घावर. "कवी", "गुरू" शेवटी दीर्घ, पण समासात पुढे शब्द आला की "कविमन", "गुरुदक्षिणा". "बहीण" दीर्घ पण "बहिणीला" ऱ्हस्व, "वकील" पण "वकिलाला". "आणि" ऱ्हस्वच. याशिवाय काही शब्द असे आहेत की चुकीचंच रूप डोळ्यांना सवयीचं झालंय: पारंपारिक लिहितात, हवं पारंपरिक, कोट्यावधी लिहितात, हवं कोट्यवधी, उज्वल नव्हे उज्ज्वल, महत्व नव्हे महत्त्व.

अजून एक, अक्षराचं वळण. २००९च्या शासननिर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ठरवून दिले आहेत, पण कॉम्प्युटरवरच्या बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळणाचे ल आणि श येतात. मांडणी सुरू व्हायच्या आधी फॉन्ट बघून घ्या, नंतर फॉन्ट बदलला की परत सगळी पानं सरकतात.

माझी भाषा बोलीतली आहे, तुम्ही ती पुस्तकी करून टाकाल अशी भीती वाटते.

ही भीती योग्य आहे आणि ती पहिल्याच फोनवर बोलून दाखवा.

आपल्या ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या जुन्या गावांतून आगरी बोलीतलं लेखन माझ्याकडे येतं, आणि मला ते काम फार आवडतं. आगरीत ण चा न होतो, ळ चा ल होतो, म्हणजे आजी "पानी" म्हणणार, "डोले" म्हणणार. ते तिच्या तोंडचं आहे, ते तसंच राहणार. मी बघते ते एवढंच की तीच आजी चौथ्या पानावर "पानी" आणि नवव्या पानावर "पाणी" म्हणते का, आणि म्हणत असेल तर ते मुद्दाम आहे का लिहिताना लेखकाच्या हाताला प्रमाणभाषा आली. त्यासाठी मी प्रत्येक पुस्तकाची एक वेगळी शब्दयादी करते, कोण कसं बोलतं, कोणतं रूप ठरलं, कोणत्या गावाचं नाव कसं लिहायचं. काम संपल्यावर ही यादी लेखकाला देते, मांडणीवाल्यालाही देते.

एका हस्तलिखितात माझ्याकडे यायच्या आधी कुणीतरी उत्साहाने फाईंड-रिप्लेस मारलं होतं, "पानी" दिसेल तिथे "पाणी". आजीची बोली तर गेलीच, शिवाय एका प्रकरणात मुलगा कंपनीकडून परदेशी जातो तिथे सगळीकडे "जपाणी" झालं होतं. लेखकाला मूळ फाईल मिळेना. मग आजीचं प्रत्येक वाक्य त्यांनी मला फोनवर बोलून दाखवलं आणि मी ऐकून परत बसवलं. चार संध्याकाळी गेल्या त्यात. तेव्हापासून पहिली गोष्ट सांगते की मूळ फाईल वेगळी जपून ठेवा, तारीख घालून, आणि तिला हात लावू नका.

"असं केलं, तसं झालं" हा अनुस्वार ठेवायचा की "असे केले" करायचं, हेही विचारतात. संवादात बोलीचा अनुस्वार नियमांनाही मान्य आहे, आणि गप्पांच्या ढंगातल्या लेखनात मी तो ठेवते. फक्त एका परिच्छेदात "केलं" आणि पुढच्यात "केले" असं विनाकारण होऊ देऊ नका.

फाईल कशी द्यायची? मी व्हॉट्सॲपवर टाइप केलंय सगळं.

चालेल, पण एका वर्ड फाईलमध्ये क्रमाने घेऊन द्या, शंभर मेसेज फॉरवर्ड करू नका. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडलं तरी वाचता येईल अशा टायपिंगमध्ये असलेलं कधीही चांगलं, म्हणजे मी ट्रॅक चेंजेस, ही वर्डमधली बदल दाखवणारी सोय, लावून काम करते आणि तुम्हाला प्रत्येक बदल दिसतो, हवा तर ठेवा नको तर काढा. ट्रॅक चेंजेस न लावता "करून दिलंय" म्हणणाऱ्याकडून काम घेऊ नका, त्याने काय बदललं ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

जुनी फाईल श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असेल तर ती आधी युनिकोडमध्ये बदलावी लागते आणि त्या बदलात हमखास काहीतरी मोडतं. रफार एक अक्षर पुढे-मागे जातो, पहिली वेलांटी भलत्या अक्षरावर बसते, आणि सगळ्यात फसवं म्हणजे "ऱ्य" चा "र्य" होतो. "दऱ्या" चा "दर्या" झाला की सह्याद्रीत समुद्र येतो. "आचाऱ्यांना पैसे दिले" चं "आचार्यांना पैसे दिले" झालं की लग्नातल्या स्वयंपाक्याचे पैसे गुरुजींच्या नावावर लागतात. दोन्ही शब्द खरेच आहेत, म्हणून कुठलीही लाल रेघ येत नाही, वाचणाऱ्यालाच थांबावं लागतं. अशी बदललेली फाईल असेल तर ते आधी सांगा, मी या जागा वेगळ्या शोधते. "ॲ" चंही तसंच, हे अक्षर दोन प्रकारे टाइप होतं, दिसायला सारखं पण शोधताना एक सापडतं तर दुसरं सुटतं.

आता स्पेलचेक आहे, एआय आहे, मग माणूस कशाला?

वापरा की, मीही पहिल्या चाळणीला स्पेलचेक लावते, डबल स्पेस, सुटलेला कंस, सरळसरळ टायपो यात वेळ वाचतो. पण "दिन" आणि "दीन", "सुत" आणि "सूत", "शिर" आणि "शीर" हे सगळे बरोबर शब्द आहेत, इथे कोणता हवा ते वाक्य कळल्याशिवाय सांगता येत नाही. एआयला पूर्ण प्रकरण दिलं तर तो चुका काढता काढता वाक्यंही गुळगुळीत करून देतो, सगळ्यांची भाषा सारखी दिसायला लागते, आणि कधी कधी एखादं वाक्य गाळतो किंवा नवं घालतो ते तुमच्या लक्षातही येत नाही. दिलंत तर मूळ शेजारी ठेवून ओळीओळीने ताडून बघा.

माझी बहीण मराठीची शिक्षिका आहे, ती बघेल म्हणाली.

तिला जरूर वाचायला द्या, पहिली वाचक म्हणून. पण घरच्या माणसाला गोष्ट माहीत असते, तुमच्या वडिलांचं नाव चुकलं तरी ती मनात बरोबरच वाचते. आणि ती तुम्हाला "हे प्रकरण रटाळ झालंय" असं सांगणार नाही. पेपर तपासणं आणि प्रूफ तपासणं यात सवयीचाही फरक आहे, शिक्षक अर्थ कळला की पुढे जातात, आम्हाला अर्थ कळल्यावरही अक्षरं बघावी लागतात.

सगळं करूनही चुका राहिल्या तर?

राहतात. एकही चूक राहणार नाही अशी हमी मी देत नाही, जो देतो त्याच्यापासून सावध राहा. मी काय करते ते सांगते: छापायला जायच्या आधीच्या शेवटच्या पीडीएफमध्ये माझ्या हातून सुटलेलं काही निघालं तर ते विनामूल्य बघून देते, आणि तुम्ही किंवा मांडणीवाल्याने नंतर बदललेल्या मजकुराची जबाबदारी माझी नाही हे आधी लिहून देते. शेवटचं प्रूफ वेगळ्या माणसाने वाचलं तर उत्तमच. ज्याने एडिट केलं त्याची नजर त्या मजकुराला सरावलेली असते, त्यामुळे शेवटच्या प्रूफला मी स्वतःहून दुसरं नाव सुचवते.

माझं लेखन बाहेर जाणार नाही ना? हक्क कुणाचे?

लेखन तुमचं, कॉपीराइट तुमचा, संपादन केलं म्हणून माझा त्यावर काही हक्क येत नाही. गोपनीयतेबद्दल चार ओळी लिहून मागितल्यात तर मी आनंदाने देते. पुस्तकात माझं नाव टाकायचं की नाही हेही तुम्ही ठरवा. टाकलंत तर छापायच्या आधी ते पान मला दाखवा.

पीएचडीचा प्रबंध करून द्याल का?

भाषा तपासून देते, संदर्भ एकाच पद्धतीने लावून देते. नवीन परिच्छेद लिहून देणं, निष्कर्ष सुचवणं, दुसऱ्याचा मजकूर ओळखू येणार नाही असा फिरवून देणं यातलं काही करत नाही. गाईडना विचारून या आणि मी तपासल्याचं आभारात लिहायला संकोच करू नका.

लग्नपत्रिका, सोसायटीची स्मरणिका, दुकानाची पाटी, असली छोटी कामं घेता?

घेते, आणि ती छोटी आहेत असं मला वाटत नाही. पत्रिका लोक जपून ठेवतात, त्यात "आर्शिवाद" छापलं गेलं की ते तसंच राहतं, हवं "आशीर्वाद". दुकानांच्या पाट्या मराठीत देवनागरीत असणं कायद्याने लागतं आणि २०२२च्या दुरुस्तीनंतर तर भराभर नव्या पाट्या लागल्या, गोखले रोडवरून स्टेशनकडे चालत जाताना मी वाचत जाते आणि फार वाईट वाटतं. पाटीवर दोन-तीन शब्द असतात, ते रंगवायच्या आधी एक फोन केला तरी पुरे.

स्मरणिकेचा एक अनुभव सांगते, कारण तो मला आजही टोचतो. एका सोसायटीच्या पंचवीस वर्षांच्या स्मरणिकेचं काम केलं होतं. आतली सगळी पानं तीनदा वाचली. मुखपृष्ठ मात्र माझ्याकडे आलंच नाही, ते दुसरीकडे डिझाइनला होतं आणि मीही मागितलं नाही. छापून आलं तर वर मोठ्या सोनेरी अक्षरांत "रौप्यमोहत्सव". हवं होतं "रौप्यमहोत्सव", ह चा काना-मात्रा म वर जाऊन बसलेला. सेक्रेटरी काकांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही, पण कार्यक्रमात स्टेजच्या मागे तेच मुखपृष्ठ मोठं करून लावलेलं होतं आणि मला समोर बघवेना. तेव्हापासून माझ्या दरपत्रकात लिहिलेलंच आहे: मुखपृष्ठ, पाठपृष्ठ, पुस्तकाचा कणा आणि निमंत्रणपत्रिका, याचे वेगळे पैसे नाहीत, पण दाखवल्याशिवाय छापायचं नाही. मोठी अक्षरं कुणी वाचत नाही, सगळे नुसते बघतात.

बिल मिळेल का? टीडीएस कापायचा का?

बिल मिळेल. टीडीएस म्हणजे फी देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर. स्वतःच्या पुस्तकासाठी खासगी माणूस म्हणून फी देत असाल तर टीडीएसचा प्रश्न नाही. कंपनी किंवा संस्था असेल तर व्यावसायिक फीवर १० टक्के कापतात, वर्षाला ५० हजारांच्या वर रक्कम गेली तर. ही मर्यादा एप्रिल २०२५ पासून वाढली, आधी ३० हजार होती. सेवा देणाऱ्याची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही, त्यामुळे बऱ्याच फ्रीलान्सरच्या बिलात जीएसटी दिसणार नाही.

आयएसबीएन तुम्ही काढून देता का?

आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, तो तुम्हाला स्वतःला काढता येतो, स्वतः प्रकाशित करत असाल तरी. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडे ऑनलाइन अर्ज करायचा, फी नाही. नंबर मिळायला वेळ लागू शकतो म्हणून मांडणी सुरू होतानाच अर्ज करा, आणि मिळालेला नंबर आतल्या पानावर आणि मागच्या कव्हरवर सारखाच आहे का ते आकडा आकडा ताडून बघा.

भेटायला यावं लागेल का?

नाही, सगळं मेल आणि फोनवर होतं. पण पहिलं पुस्तक असेल तर एकदा भेटा असं मी म्हणते. नवी मुंबईहून ठाणे-वाशी लोकलने थेट येता येतं, स्टेशनपासून नौपाडा चालत आहे. येताना फाईल पेनड्राइव्हवर आणा, आणि छापून काढलेली वीसेक पानं हातात असू द्या. कागदावर पेन्सिल घेऊन शेजारी बसलं की अर्ध्या तासात दोघांनाही कळतं, आपलं जमेल का ते.